नामांकनं जाहीर होतात, चित्रपट तालुक्यात येत नाहीत

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांच्या अंतिम फेरीतले चित्रपट विदर्भातल्या तालुक्यांत दाखवणे आणि बोलीचे परीक्षण.

महोदय,

राज्य पुरस्कारांच्या प्राथमिक फेरीची, म्हणजे नामांकनांची यादी आली की ती गावोगावच्या मोबाइलवर फिरते. अमक्याचं नाव सुटलं, तमक्याला उगाच घेतलं, संवादाचं नामांकन तिसऱ्यालाच मिळायला हवं होतं, असा वाद पानटपरीवर रंगतो. हा सगळा वाद ट्रेलरवर चालतो, कारण आख्खा चित्रपट पाहिलेला माणूस शोधूनही सापडत नाही. विदर्भात मराठी चित्रपट लागतो तो मुख्यतः नागपूर, अमरावती, अकोल्यासारख्या शहरांत. तिथेही दुपारचा एखादा खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी पोस्टर उतरतं. मेळघाटातल्या धारणीचा किंवा गडचिरोलीतल्या सिरोंच्याचा प्रेक्षक त्यासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवणार नाही.

त्यात उशिराची भर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ६० वा आणि ६१ वा पुरस्कार सोहळा मुंबईत एकत्र झाला, म्हणजे २०२२ आणि २०२३ सालच्या चित्रपटांचा गौरव २०२५ मध्ये. तोवर ते चित्रपटगृहातून कधीच गेलेले असतात. शिवाय तांत्रिक विभाग आणि बालकलाकार यांचे पुरस्कार नामांकनांसोबतच जाहीर होतात. छायालेखन, संकलन, ध्वनी यांचा निकाल लागून जातो आणि इथल्या प्रेक्षकाने त्यातली एक चौकटही पाहिलेली नसते. ‘नाळ’ आणि तिच्या दुसऱ्या भागासाठी श्रीनिवास पोकळे या अमरावतीच्या मुलाला ६६ व्या आणि ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत बालकलाकाराचा मान मिळाला. अशा मुलांचं काम त्यांच्याच बोलीच्या गावांना मोठ्या पडद्यावर बघता यावं, एवढीच आमची ओढ आहे.

आमची मागणी अशी: प्राथमिक आणि अंतिम फेरीच्या मधल्या काळात अंतिम फेरीतले चित्रपट विदर्भाच्या १२० तालुक्यांत विनामूल्य दाखवावेत. हे कसं जमेल, तेही सांगतो.

पहिली अडचण परवानगीची. नामांकन झाल्यावर निर्मात्याला गाठायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, ओटीटीचा करार झालाय, आता हात बांधलेत. म्हणून संमती प्रवेशिकेतच घ्या. “अंतिम फेरीत निवड झाल्यास शासनाला प्रत्येक तालुक्यात एक विनामूल्य खेळ करता येईल,” एवढं एक कलम पुरे. ते आधीपासून असलं तर निर्माता ओटीटीचा करार करताना तेवढी सवलत राखून ठेवेल. त्याच वेळी दोन प्रती मागून घ्याव्यात: चित्रपटगृहासाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या सर्व्हरवर चालणारी कुलूपबंद डिजिटल प्रत, आणि तालुक्यासाठी फुल एचडी फाइल, जिच्यावर ती चालवणाऱ्या फिरत्या संचाचा क्रमांक उमटलेला असेल. चोरी झालीच तर ती कुठून झाली हे कळेल, आणि निर्मात्याची खरी भीती तीच असते.

जिल्ह्याच्या गावी चित्रपटगृह असेल तिथे डीसीपी चालेल. पण तिची डिजिटल चावी, म्हणजे केडीएम, एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या वेळेपुरती बनते. सर्व्हर बदलला असेल तर ती निरुपयोगी. पावसाने खेळ पुढे ढकलला तर तिची मुदत संपलेली. आणि नेमक्या खेळाच्या वेळेला उघडणारी चावी आली तर आधी तपासताच येत नाही, सभागृह भरल्यावर कळतं की चित्रपट उघडत नाही. म्हणून चावी खेळाच्या २४ तास आधीपासून आठवडाभर चालणारी मागावी. चित्रपटाची डीसीपी १००-२०० जीबीची असू शकते. ती सर्व्हरवर चढायला वेळ लागतो, ते काम आदल्या दिवशीच उरकावं.

तालुक्याला प्रोजेक्टर, पडदा आणि स्पीकर यांचा फिरता संच लागेल. जिल्ह्याला एक, असे अकरा. एका मुक्कामाचे दोन दिवस, दिवसाला दोन खेळ, म्हणजे चार चित्रपट. यवतमाळात १६ तालुके आहेत आणि शेजारच्या वाशिममध्ये ६. वाशिमचा संच लवकर मोकळा होईल, तो यवतमाळला द्यावा.

प्रोजेक्टर घेताना हमखास चूक होते. सोळा फूट रुंद पडद्यावर चित्र नऊ फूट उंच येतं, क्षेत्रफळ १४४ चौरस फूट. चित्रपटगृहाच्या १४ फूट-लँबर्टच्या (पडद्याच्या उजळपणाचं माप) दंडकाने हिशोब केला तर पडद्यावर सुमारे दोन हजार ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पोचायला हवेत, तेही पक्क्या अंधारात. मग कुणीतरी बैठकीच्या खोलीतला तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर आणून लावतं. रंग नीट लावले की त्याचा उजेड उतरतो, दिवा जुना झाला की आणखी उतरतो, आणि रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात. छायालेखनाचं नामांकन असलेला चित्रपट असा दाखवणं हा त्या छायालेखकावर अन्याय आहे. पाच हजार ल्युमेनच्या खाली जाऊच नये. सिनेमास्कोप, म्हणजे जास्त रुंद आकाराचं चित्र याच पडद्यावर जेमतेम पावणेसात फूट उंच येतं, म्हणून पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना चित्राऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात.

आवाजाचा घोटाळा त्याहून मोठा. चित्रपटाच्या ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला असतात. लॅपटॉपवरून डावा-उजवा एवढेच दोन स्पीकर जोडले आणि मधली वाहिनी त्यांत मिसळली नाही, की गाणी दणदणतात आणि बोलणं तळाला जातं. लोक म्हणतात, सिनेमातलं बोलणं समजत नाही, आणि दोष लेखकाच्या माथी येतो. म्हणून फाइलसोबत वेगळं स्टिरिओ मिश्रण मागवावं आणि खेळाआधी एखादा कुजबुजीचा प्रसंग शेवटच्या रांगेत बसून ऐकावा. पत्र्याच्या सभागृहात मागच्या भिंतीवर जाड सतरंज्या टांगल्या तर घुमणं बरंच कमी होतं.

विजेसाठी कृषिपंपाची लाइन घेऊ नये. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना वीज गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. प्रोजेक्टरला स्वतंत्र ऑनलाइन यूपीएस (वीज गेली तरी क्षणभरही न थांबणारा) द्यावा, निदान पंखा फिरून दिवा थंड होईपर्यंत टिकेल असा. जनरेटर वाऱ्याचा अंदाज घेऊन लांब ठेवावा.

वेळापत्रक मुंबईच्या सोयीने लावलं तर सभागृहं रिकामी राहतील. दिवाळी ते होळी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटकांचा हंगाम असतो. भंडारा-गोंदियाकडे मंडई, म्हणजे गावजत्रा भरते, दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक. गडचिरोलीतलं वडसा गाव या नाटकांचं ठाणंच आहे. त्या दिवसांत चित्रपट लावून नाट्यमंडळांच्या पोटावर पाय देऊ नका. वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, तेव्हा कापसाच्या वेचणीची धांदल असते. होळीनंतर एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. त्यापुढे ऊन, मग पेरणी, मग धानाची रोवणी. नाटकांचे ध्वनिव्यवस्थापक आणि शामियानेवाले होळीनंतर मोकळे होतात, हे काम त्यांनाच द्या. हजार माणसांपर्यंत शेवटच्या रांगेत आवाज कसा पोचवायचा हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

आता बोलीबद्दल, कारण नामांकनांवरचा आमचा सर्वांत जुना राग तिथे आहे. ‘डोळा’ वऱ्हाडात ‘डोया’ होतो आणि झाडीत ‘डोरा’. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. चित्रपटात मात्र एकाच घरातला बाप एका वाक्यात वऱ्हाडी आणि दुसऱ्यात झाडी बोलतो, मुलगा पुणेरी वाक्याच्या शेपटाला ‘बे’ लावतो, आणि त्याला ‘अस्सल वैदर्भी संवाद’ म्हणून शाबासकी मिळते. ‘मले-तुले’ पेरल्याने वऱ्हाडी होत नाही. ‘येजो’, ‘सांगजो’ यांतली आर्जवी आज्ञा, ‘तो रोज जाये’ मधला जुन्या सवयीचा भूतकाळ, ‘करून राहिला’ची चाल, ही त्या बोलीची हाडं. चित्रीकरणात नीट आलेलं बोलणं पुष्कळदा डबिंगमध्ये बिघडतं, कारण तिथे बोलीचा जाणकार बसवलेला नसतो आणि नट ओठ जुळवण्याच्या नादात प्रमाणभाषेकडे घसरतो.

म्हणून प्रवेशिकेत दोन रकाने वाढवा: चित्रपटात कोणती बोली आहे, आणि चित्रीकरण व डबिंग या दोन्ही वेळी बोलीचं मार्गदर्शन कोणी केलं. बोलीतला चित्रपट संवादाच्या नामांकनासाठी विचारात असेल तेव्हा त्या बोलीत वाढलेला एक माणूस परीक्षणाला बसवा. वऱ्हाडीसाठी झाडीचा चालणार नाही, आणि झाडीसाठी नागपूर शहरातलाही नाही.

पुढच्या वर्षाच्या प्रवेशिका मागवण्याआधी संमतीचं कलम आणि हे दोन रकाने नमुन्यात यावेत. अकरा संच एकदम होत नसतील तर पहिल्या वर्षी दोनच करा, एक मेळघाटासाठी आणि एक गडचिरोलीसाठी. चित्रपटगृहाची वाट तिथूनच सर्वांत लांबची आहे.

आपले,
विदर्भातल्या गावखेड्यांतले मराठी चित्रपटांचे प्रेक्षक