बाबांची पंचाहत्तरी घरीच करूया

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की तुम्ही स्पीकर लावता, मग दोघं एकदम बोलता, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि आई "बरं ठेवते, नंतर बोलू" म्हणते, म्हणून लिहितेय. बाबांना मोबाईलवर वाचायचा त्रास होतो, त्यामुळे दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून.

विषय तोच, जानेवारीतली पंचाहत्तरी. आई, तू परवा म्हणालीस की आता माझ्याने वीस-पंचवीस माणसांचं होत नाही, एक तर हॉल घ्या नाहीतर राहू दे, घरच्या घरी औक्षण करू आणि साखरभात करते. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि बाबा गप्प बसतात तेव्हा त्यांना काहीतरी हवं असतं, हे मला आता इतक्या वर्षांनी कळतं.

मला हॉल नकोय. पैशांचा प्रश्न नाही, मी आणि दादा मिळून सहज करू. पण मागच्या वर्षी आपण त्या पंचाहत्तरीला गेलो होतो ना, तिथे बाबांकडे कोणाचं लक्ष होतं का माहीत नाही, माझं होतं. मोठे स्पीकर, गाणी चालू, तीनशे माणसं, बुफेच्या रांगेत ताटांचा खडखडाट. कानातलं मशीन आपल्याला हवं तेवढंच थोडी मोठं करतं, ते सगळंच मोठं करतं, गाणी पण, खुर्च्या सरकवल्याचा आवाज पण. अर्ध्या तासात बाबांनी मशीन काढून खिशात ठेवलं आणि पुढचे दोन तास येईल त्याच्याकडे बघून नुसते हसत बसले. गाडीत बसल्यावर मला विचारलं, कोण कोण आलं होतं गं? मला तेव्हा रडू आलं होतं, मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. स्वतःच्या वाढदिवसाला त्यांना तसं बसायला लागू नये एवढंच माझं म्हणणं आहे. घरात पाच-सहा माणसं समोर बसली, पंखा हळू, टीव्ही बंद, की बाबांना सगळं ऐकू येतं आणि मग ते बोलतात पण.

आता आई तू म्हणशील, घरी म्हणजे मीच ओट्यापाशी. नाही. तेच तर सांगायचंय.

तुला मी कधी नीट सांगितलं नाही पण गोरेगावला आल्यावर पहिल्यांदा ऑफिसच्या लोकांना घरी बोलावलं तेव्हा मी अगदी तुझ्यासारखं केलं. दोन भाज्या, बटाटेवडे, पुऱ्या, मसालेभात, कोशिंबीर, दोन प्रकारचं गोड, आणि वडे पुऱ्या गरमच हव्यात म्हणून मी पूर्ण वेळ कढईसमोर. बाहेर हसण्याचे आवाज येत होते आणि मी आतून "काय झालं, काय झालं" विचारत होते. मी ताट घेऊन बसले तेव्हा विरारकडच्या दोघी ट्रेन चुकेल म्हणून उठल्यासुद्धा. सगळे म्हणाले जेवण काय मस्त होतं. पण त्या रात्री कोणाशी काय बोलले ते मला एक आठवेना, कारण बोललेच नव्हते. आणि मग भांडी घासताना एकदम लक्षात आलं की तुला कधी पंगतीत बसलेलं मी पाहिलेलंच नाही. तू नेहमी शेवटी, आणि ते पण उभ्याने, पातेल्यात उरलेलं.

त्यानंतर वर्षभर मी कोणाला बोलावलंच नाही. तू आता जे म्हणतेयस ना, होत नाही, अगदी तेच मी म्हणत होते, फक्त तुझ्याहून तीस वर्षांनी लहान असताना.

मग एकदा असं झालं की तुमच्या जावयांनी शनिवारी चार-पाच जणांना बोलावून ठेवलं आणि मला त्या दिवशी ऑफिसला जावं लागलं. येताना लोकल अंधेरीच्या अलीकडे पाऊण तास उभी. घरी पोचले तर मंडळी आलेली, ओट्यावर काही नाही, फ्रीजमध्ये ताक आणि मिरच्या. म्हटलं पिठलं भात करूया. आणि मी इतकी दमलेली होते की लाज वगैरे वाटायला ताकदच नव्हती, सरळ सांगितलं, तू लसूण सोल, तू कांदे चीर, तू खाली पोळीभाजी केंद्रातून भाकरी घेऊन ये. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, ज्यांचे मिस्टर गेल्या वर्षी गेले, त्या दार उघडं बघून डोकावल्या, त्यांना म्हटलं काकू ठेचा करता का. त्यांनी पदर खोचला आणि खलबत्ता मागितला. जेवताना म्हणाल्या, सगळे मला "तुम्ही बसा" म्हणतात गं, वर्षभरात कोणी मला काम सांगितलं नव्हतं.

आई, त्या वाक्यावर मी किती दिवस विचार करत होते. आपण पाहुण्याला बसवून ठेवतो, इकडची काडी तिकडे करू देत नाही, आणि त्याला आदर म्हणतो. त्या रात्री पावणेबारापर्यंत कोणी उठलं नाही, आणि जेवण काय तर पिठलं!

तेव्हापासून आमच्याकडे महिन्यातला एक शनिवार ठरलेला आहे. अंगतपंगत म्हणतो आम्ही त्याला, शाळेत डबे घेऊन गोल बसायचो तशीच. मी एक मोठं पातेलं काहीतरी करते, बाकी ज्याला जे जमेल ते. कोणी भायखळ्याहून खारी नानकटाई आणतं, कोणी नुसती काकडी घेऊन येतं आणि इथे चिरत बसतं, एकजण रिकाम्या हाताने येतो आणि शेवटी सगळी भांडी घासतो, त्याला तेच आवडतं. तळण करायचं नाही हा एकच नियम मी केलाय, कारण तळणारा माणूस गप्पांतून उठतो तो परत येतच नाही. जे आदल्या रात्री करून मुरतं तेच करायचं. उसळ, मिसळीचा कट, चिंचगुळाची आमटी, ह्या गोष्टी दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या लागतात हे तर मी तुझ्याकडूनच शिकले.

आणि खरं सांगू का, हे काही मी नवीन शोधलेलं नाही. लालबागच्या चाळीत आपण हेच करत होतो. मी लहान होते पण कोजागिरी मला पक्की आठवते, गच्चीवर एक मोठं पातेलं, प्रत्येक बिऱ्हाडाचं आपापलं दूध त्यात, तिसऱ्या मजल्यावरचा स्टोव्ह, कोणाकडून साखर, कोणाकडून चारोळी जायफळ, आणि वाटी ज्याने त्याने घरून आणायची. ते दूध कोणाकडचं होतं? कोणाकडचंच नाही. चाळीत यजमान असा कोणी नव्हताच. १९९४ ला आपण मुलुंडच्या ब्लॉकमध्ये आलो, दार बंद व्हायला लागलं, बेल आली, आणि तेव्हापासून कोणी आलं की ते "पाहुणे" झाले. मग शोकेसमधला काचेचा सेट, मग तीन गोड पदार्थ, मग दोन दिवस आधी पडदे धुवायचे. तू त्या सगळ्यात किती दमायचीस ते बाबांनाही दिसत होतं, ते बिचारे आग्रह करकरून जिलबी वाढत राहिले, त्यांना वाटायचं आपण मदत करतोय. मी तुम्हाला दोष देत नाहीये. नवीन घर होतं, हौस होती, आणि तुझ्या हाताच्या चवीची आठवण अजून लोक काढतात. पण आता तेवढंच जमलं तरच बोलवायचं असं जे तू ठरवून बसलीयस ना, ते मला पटत नाही. त्याच्यामुळे गेली तीन वर्षं तुमच्याकडे कोणी येत नाही. बाबांचे सकाळी फिरायला जाणारे मित्र गेटवरूनच परत जातात, हे मला वॉचमनकाकांनी सांगितलं.

तर माझं जे डोक्यात आहे ते लिहिते, तुम्ही वाचून बघा.

रविवारी नको, शनिवारी. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, माटुंगा ते मुलुंड निघाला की लालबागची माणसं अडकणार, आणि चाळीतली मंडळी आता सगळी सत्तरीची आहेत, त्यांना जिने चढउतार करायला लावायचं नाही. सगळ्यांना एकदम बोलवायचं नाही. घर चार वाजल्यापासून नऊपर्यंत उघडं. चारला बाबांचे फिरायचे मित्र आणि बिल्डिंगमधले, सहाला चाळीतले, साडेसातनंतर घरचे. फोन मी करेन, आणि प्रत्येकाला वेळ सांगेन, म्हणजे एका वेळी आठ-दहाच्या वर कोणी नसेल आणि बाबांना प्रत्येकाशी बोलता येईल. आलेला माणूस बसला आणि उठलाच नाही तरी चालेल, त्याने पुढच्यांना वाढायचं.

जेवण मटार उसळ आणि पाव. जानेवारीत मटार काय गोड असतो, आणि भरपूर येतो. शेंगांसकट सहा किलो आणायचा, सोलून अडीचेक किलो निघेल, पंचवीस माणसांना पुरे. शुक्रवारी संध्याकाळी मी आणि वहिनी येतो, पेपर पसरायचा आणि सगळ्यांनी सोलत बसायचं. आई तू खुर्चीत बसून सोल, गुडघ्याला काही होत नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या तुझ्या दोन मैत्रिणींना पण बोलव, मला तर वाटतं खरी मजा शुक्रवारीच येणार आहे. वाटण तू सांग, मिक्सर मी लावते. पाव बेकरीत आधी सांगून ठेवायचे, ७० पुरतील. मसालेभात दीड किलो तांदळाचा पण एकदम करायचा नाही, अर्धा चारच्या आधी आणि अर्धा सातला, गार भात कोणाला नको आणि तो तसा बाहेर तासन्‌तास ठेवणं बरं पण नाही. तो दादा करेल. हसू नको, चांगला करतो तो, फक्त तोंडली जाड चिरतो. टोमॅटोचं सार कपातून, म्हणजे येणाऱ्याच्या हातात आल्या आल्या काहीतरी गरम. गोडाला श्रीखंड, दादरहून चक्का आणते आणि आदल्या रात्री तुमच्याकडेच फेटते. बाबांची साखर मला माहितीये, त्यांना दोन चमचे, आणि ते मी स्वतः वाढणार, नाहीतर ते मित्राच्या वाटीतून खातात.

काचेचा सेट काढायचा नाही. घरातली स्टीलची ताटं आहेत, कमी पडली तर माझी आणते. खुर्च्या सोसायटीच्या ऑफिसातून मागवू, कारण खाली बसता येणारी माणसं आता मी, दादा आणि पोरंच.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही दरवर्षी थंडी पडली की पोपटीची गोष्ट सांगता. अलिबागला शेतात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, वरून परत पाला कोंबून मडकं उलटं करायचं आणि बाजूने पेंढा काटक्या पेटवायच्या, पाण्याचा थेंब नाही की तेल नाही. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र करून लगेच उडालं की झाली. ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय आणि परवा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की त्यात तुम्ही कधीच सांगत नाही की पोपटी कोणी लावली होती. एवढंच सांगता की जाळाभोवती कोण कोण बसलं होतं आणि कोण काय बोललं. साठ वर्षांपूर्वीचं तुम्हाला शब्दन्‌शब्द आठवतं. आपल्या गच्चीवर जाळ करायला सोसायटी देणार नाही, ते मी विचारून बघितलं. पण मी बोललेय तुमच्या चुलतभावांशी, ते त्या दिवशी सकाळी तिकडे लावून डब्यात बांधून आणणार आहेत. गार होईल थोडी, चालेल ना? चारला तुमचे मित्र आले की पेपरवर ओतायची आणि सगळ्यांनी सोलून खायची. गोष्ट तुम्ही सांगायची, मशीन कानात ठेवून.

आई तुला अजून एक भीती आहे ती मला माहितीये, लोक काय म्हणतील, एवढी पंचाहत्तरी आणि उसळ पाव घातला. म्हणू देत. जे म्हणतील ते पुढच्या वेळी आपल्याकडे येणार नाहीत आणि बाकीचे परत परत येतील. मला तुझा एक फोटो हवाय त्या दिवशीचा, बाबांच्या शेजारी बसलेली, पुढ्यात ताट, आणि ताटात गरम जेवण. आपल्या इतक्या अल्बममध्ये तसा एक पण नाहीये, मी परवा सगळे काढून बघितले.

तू एकच पदार्थ करायचास, लिंबाचं गोड लोणचं. ते आधी करून ठेवता येतं, बसून होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला तसं जमत नाही.

मोठं पातेलं माळ्यावर आहे ना, त्या निळ्या गोधडीच्या मागे? प्लीज स्टूल घेऊन चढू नका, दोघांपैकी कोणीच. मी येत्या शनिवारी येतेय, तेव्हा ते काढते आणि कल्हई करून आणते. तोपर्यंत बाबा तुम्ही नावांची यादी करा. तुम्हाला ज्यांना भेटायचंय त्यांचीच, ज्यांना बोलवायला लागतं त्यांची नको.

पिल्लूने आजोबांसाठी काहीतरी चित्र काढलंय, ते दाखवायचं नाही म्हणून उशीखाली ठेवलंय.

तुमची,
ताई

ता. क. आई, चाळीतल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंचा नंबर तुझ्याकडे असेल तर पाठव. त्यांना मी जायफळ आणायला सांगणार आहे.