विरंगुळा केंद्रात तोलाचा सरावही हवा

पुण्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रांच्या सोयींविषयीचा आपला लेख वाचला. वृत्तपत्रे, कॅरम, भजन हे हवेच. गप्पांना तर पर्याय नाही. पण हे सारे बसून होते, आणि उतारवयात धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो तो अनेकदा एकदाच पडल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या सूचनांनुसार 65 वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 3 दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत. बागेतल्या चकरांनी ही गरज भागत नाही. सपाट वाटेवर तोल फारसा पणाला लागत नाही.

यंत्रे लागत नाहीत. सुमारे 45 सेंटिमीटर उंचीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची नेमकी उठताना मागे सरकते. जमेल तसा हातांचा आधार कमी करत 5 ते 10 वेळा उठबस, मग खिडकीचे गज धरून एका पायावर 10 सेकंद. आधी दोन्ही हातांनी धरावे, पुढे एका, नंतर फक्त बोटांनी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठल्याबरोबर पाऊल उचलू नये, चक्कर येते ती तेव्हाच. गुळगुळीत फरशीवर पायमोजे किंवा झिजलेल्या चपलाही नकोत.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा अर्धा तास आला तरी पुरे. आणखी एक टीव्ही घेण्याआधी महापालिकेने या मानधनाची तरतूद करावी.

– एक वाचक, कोथरूड, पुणे