सदाफुलीचा रस आणि लॅबमधल्या मेलेल्या पेशी

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही सदाफुलीच्या अर्काने लॅबमधे कॅन्सरच्या पेशी मेल्याची बातमी दिली. ती आमच्या प्रतापनगरच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून राहिली आणि शेजारच्या काकू, ज्यांची किमो सुरू आहे, त्या रोज सकाळी अनशापोटी पानांचा रस पिऊन राहिल्या. डॉक्टरला विचारलं का म्हटलं तर म्हणतात, पेपरात आलंय ना.

मी कॉलेजात झूलॉजी शिकवतो म्हणून सांगतो, प्लेटमधल्या पेशी मारणं काही मोठी गोष्ट नाही हो, फिनाईल टाकलं तरी मरतात. सोबतच्या चांगल्या पेशी जगल्या का, ते बातमीत कुठेच नाही. आणि मेल्या हे कळलं कसं? अशा कामात बरेचदा एमटीटी नावाची टेस्ट करतात, पिवळं रसायन टाकायचं, जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, तो मशीनवर मोजायचा, रंग फिका आला की पेशी मेल्या असं लिहून मोकळे. पण पेशी नुसत्या वाढायच्या थांबल्या, दोनाच्या चार झाल्याच नाहीत, तरी रंग फिकाच येतो! आणि थांबलेली पेशी औषध गेल्यावर परत कामाला लागू शकते.

पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची कॉपी होते, मग वाटणी, अन मधे मधे चेकनाके असतात, डीएनए तुटलेला दिसला की गाडी पुढे सोडत नाहीत. (हे पेशीचक्र कोण चालवतं ते शोधल्याबद्दल हार्टवेल, हंट अन नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं, हार्टवेलचं काम तर ब्रेडवाल्या यीस्टवर!) तिथे पी५३ नावाचं प्रोटीन दुरुस्ती होईपर्यंत पेशीला थांबवतं, अन नाहीच जमलं तर तिला स्वतःहून मरायला लावतं. याला अपॉप्टोसिस म्हणतात. पेशी आक्रसते, डीएनएचे तुकडे होतात, वरून फुगे निघतात अन आजूबाजूच्या पेशी ते गिळून टाकतात, सूज नाही काही नाही. माणसाच्या साधारण अर्ध्या कॅन्सरमधे हा पी५३च बिघडलेला असतो, मग डीएनएचा भुगा झाला तरी पेशी मरायचं नाव घेत नाही.

आता सदाफुली. विनब्लास्टिन अन विनक्रिस्टिन ही किमोची औषधं याच झाडातली, त्यात वाद नाही. वाटणीच्या वेळी क्रोमोसोम (डीएनएच्या गुंडाळ्या) ओढायला जे धागे लागतात ते हे औषध बनूच देत नाही, पेशी अर्ध्यात अडकते अन बरेचदा तिथेच मरते. पण तसल्याच धाग्यांवर आपल्या नसांचंही काम चालतं, म्हणून विनक्रिस्टिनने हातापायाला मुंग्या येतात, पोट साफ होत नाही, अन डोस मिलिग्रॅममधे मोजून शिरेतूनच देतात. पानात हे द्रव्य अगदी किंचित, तेही प्रत्येक झाडात वेगळं, वर बाकीचे ढीगभर अल्कलॉइड, म्हणजे झाडातली तसलीच जोरदार रसायनं. म्हणजे काकूंनी मिक्सरमधे काय फिरवलं ते कोणालाच माहीत नाही, अन तिकडे किमो चालूच.

खरं तर नागपुरात कॅन्सरवर लिहायचं तर आधी खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोट्यावर लिहा ना. पोरं पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा दिवसभर गालात धरून असतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही तरी सुटत नाही. सुपारी एकटीच कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मधे सांगून टाकलंय, वर तंबाखू तर त्याच पी५३ च्या जीनवर घाव घालते. याच्यावर अर्धं पान द्या, मी लिहून देतो, मानधन नको.

तोवर येत्या रविवारी तेवढ्याच मोठ्या टायपात छापा की ती प्लेट होती, पेशंट नव्हता, अन किमो चालू असलेल्यांनी हा रस डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. आतल्या पानावर चौकटीत बारीक खुलासा टाकाल तर तो ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करणार नाही.

एक वाचक, प्रतापनगर, नागपूर