नाण्यांचे वजन वगळू नका, नीट मोजा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांवरचा (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रांच्या भूमिका करण्याच्या खेळांवरचा) लेख वाचला. ठाण्या-वाशीतल्या पोरांच्या या नादाची दखल मराठी वृत्तपत्राने घेतली, हे बरे झाले. मात्र नवख्या गेम मास्टरना (खेळ चालवणाऱ्यांना) चौकटीत दिलेला एक सल्ला मुळीच पटला नाही. नाण्यांचे वजन आणि अंगावरच्या ओझ्याचे नियम सरळ काढून टाका, असे त्यात म्हटले आहे. ज्या हिशेबावरून हा निष्कर्ष काढला, तो हिशेबच चुकलेला आहे.

चौकटीत दहा नाण्यांचा एक पौंड धरला आहे. हा नियम 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांचा. १९८१च्या बेसिक संचात तर वजनाचे एकक नाणेच होते: प्लेटचे चिलखत ५०० नाणी, ढाल १००. चारशे नाण्यांपर्यंतचे ओझे असेल तर पूर्ण चाल, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कमी आणि १,६०० ओलांडली की जागचे हलायचे नाही. तेव्हा सोन्याच्या एका नाण्यामागे एक अनुभवगुण (पात्राची पातळी वाढवणारा गुण) मिळत असे. लूट बाहेर काढणे हाच खेळ होता आणि नाणेही जड होते. दहाला पौंड म्हणजे एक नाणे ४५ ग्रॅमचे, जवळजवळ चार तोळ्यांचे! १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून पौंडाला पन्नास नाणी झाली आणि २०१४च्या पाचव्या आवृत्तीतही तेच प्रमाण आहे. म्हणजे एक नाणे नऊ ग्रॅमचे, पाऊण तोळ्याच्या जरासे वर.

आता २०१४च्या याच आवृत्तीतला सुरुवातीच्या पातळीचा खजिना घ्या. फाशांची सरासरी धरली तर २,१०० तांब्याची, १,०५० चांदीची आणि ७० सोन्याची नाणी निघतात. एकूण ३,२२०. पन्नासच्या हिशेबाने हे ६४ पौंड, म्हणजे २९ किलो. चौघांत सहज वाटून जाते. दहाच्या हिशेबाने तेच १४६ किलो. जुने वजन आणि नवा खजिना एकत्र केला की नियम अशक्य वाटणारच.

लेखातली एक तक्रार मात्र खरी आहे. आकडे लिहीत बसायचे आणि परिणाम शून्य, असे अनेक टेबलांवर होते. कारण या आवृत्तीत उचलण्याची मूळ मर्यादा स्ट्रेंग्थच्या (पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या) पंधरा पट पौंड आहे. स्ट्रेंग्थ १० असलेला साधा माणूस १५० पौंड, म्हणजे ६८ किलो पाठीवर घेऊन त्याच वेगाने चालतो. एवढी सैल मर्यादा असेल तर वजन लिहिण्यात काय अर्थ? त्याच पुस्तकात ओझ्याचा ऐच्छिक नियम आहे, तो लावावा. ओझे स्ट्रेंग्थच्या पाच पट पौंडांवर गेले की चाल दहा फुटांनी कमी. दहा पटीवर गेले की वीस फुटांनी कमी, शिवाय स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) फेकींना दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. हा नियम लावताना चिलखतांच्या तक्त्यातली किमान स्ट्रेंग्थची अट सोडून द्यायची असते. ती राहिली तर अशक्त माणसाला एकाच चिलखताचा दंड दोनदा बसतो आणि मग खेळाडू चिडतात, ते रास्तच.

गुणाकार नको असेल तर पाच पौंडांची एक थैली धरा. एका थैलीत २५० नाणी. वजन सव्वादोन किलो, म्हणजे दोन लिटरच्या भरलेल्या बाटलीहून किंचित जास्त. पाच पटीच्या नियमात स्ट्रेंग्थचा आकडा तोच थैल्यांचा आकडा होतो: १६ असेल तर १६ थैल्या बिनत्रास, ३२ पर्यंत संथ चाल, त्यापुढे हाल. साखळी चिलखत ११ थैल्या, ढाल १, तलवार आणि किरकोळ हत्यारे मिळून १. प्रवासाचा तयार संच ५९ पौंडांचा, म्हणजे १२. बेरीज २५ झाली, आणि एकही नाणे उचलण्याआधीच आपला १६ स्ट्रेंग्थचा फायटर (लढवय्या) तीसऐवजी वीस फुटांनी चालू लागला. बहुतेक टेबले इथेच नियम गुंडाळतात. खरे तर इथून मजा सुरू होते. शिधा, अंथरूण, दोर यांचे गाठोडे गुहेच्या तोंडाशी उतरवले की १३ उरतात आणि तीन थैल्या रिकाम्या होतात. मशाली मात्र हातात ठेवाव्यात. त्या गाठोड्यात राहिल्या तर पहिली मशाल तासाभराने विझल्यावर अंधारात परत फिरावे लागते.

थैलीचा भाव तोंडपाठ ठेवायला सोपा आहे. तांब्याची थैली अडीच सोन्याच्या नाण्यांची, चांदीची पंचवीसची, सोन्याची अडीचशेची. वरच्या खजिन्यात तांबे साडेआठ थैल्या अडवते आणि किंमत जेमतेम २१. चांदी सव्वाचार थैल्यांत १०५ देते. सगळ्या प्रकारची नाणी चौघांत समान वाटायची सवय इथे घातक ठरते, कारण दुबळ्या विझार्डच्या (जादूगाराच्या) वाट्याला तांबे जाते आणि पाठलागात तोच मागे पडतो. वाटणी गावात पोचल्यावर करावी. वाटेत ज्याला पेलेल त्याने वाहावे.

हिशेब दर खोलीत करायचा नाही. निघताना, खजिना हाती लागल्यावर आणि बाहेर पडताना, एवढ्या तीन वेळा पुरे. वाशी-नेरुळच्या मंडळींचे लक्ष ट्रान्स-हार्बरच्या गाडीकडे असते. बेरजा करायला कोणाला वेळ आहे? नाण्यांच्या आकारमानाचा विचारही सोडून द्या. पाठपिशवीची क्षमता ३० पौंड किंवा एक घनफूट. १,५०० नाण्यांत वजन पुरे होते, तेव्हा तांब्याची नाणी असली तरी पिशवीचा दहावा भागही भरलेला नसतो. डिजिटल कॅरेक्टर शीट (पात्राच्या नोंदींचा तक्ता) वापरणाऱ्यांनी एकदा सेटिंग पाहावे, कारण नाण्यांचे वजन न धरण्याचा पर्याय तिथे असतो. चौघांपैकी दोघांचा चालू आणि दोघांचा बंद असला की भांडण ठरलेले.

हातात वजन द्यायचे असेल तर वीस रुपयांचे नाणे घ्या. ते ८.५४ ग्रॅमचे आहे, पुस्तकातल्या नाण्याच्या अगदी जवळ. शंभर नाण्यांची पिशवी टेबलावर आपटली की चर्चाच संपते. (वीसची शंभर नाणी जमवणे हा वेगळाच खेळ, ते सोडा.)

घोडबंदर किंवा ठाण्याच्या खाडीवर मोहीम रचणाऱ्यांनी तर आपल्याकडचीच नाणी वापरावीत. मुघल रुपया साडेअकरा ग्रॅम चांदीचा, तांब्याचा दाम सुमारे २१ ग्रॅमचा, आणि ४० दामांचा एक रुपया हा अकबराच्या काळचा हिशेबी दर. हजार रुपये चांदीत साडेअकरा किलो भरतात. तेच दामात घेतले तर ८४० किलो! शिवकालीन सोन्याचा होन तीन ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे चोराच्या सोयीचा. हे आकडे खेळात आले की सराफ आपोआप महत्त्वाचा होतो. तो तांबे घेईल, पण बट्टा कापून, आणि पुढच्या गावासाठी हुंडी लिहून देईल. हुंडीला वजन नाही, पण ती भिजते आणि चोरीला जाते.

बॅग ऑफ होल्डिंग (जादूची पिशवी) मात्र लवकर देऊ नका. २०१४च्या पुस्तकाप्रमाणे तिच्यात ५०० पौंड, म्हणजे २५,००० नाणी मावतात आणि तिचे स्वतःचे वजन कायम १५ पौंडच राहते. ती मिळाल्यावर वर लिहिलेले सगळे निरुपयोगी. त्याआधी खेचर द्या: किंमत आठ सोन्याची नाणी, ४२० पौंड वाहते. पायऱ्या उतरून ते तळघरात येणार नाही, बाहेरच बांधावे लागेल. तेव्हा त्याच्यापाशी राखणीला कोण थांबणार, हे आत शिरण्याआधी टेबलावर ठरवून घ्यावे.

— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे