बदलीचे पत्र आणि सहावीतली मुलगी

महोदय,

अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्या यजमानांची बंगळूरला बदली होत असून, पगार वाढणार असला तरी बिऱ्हाड हलवावे की त्यांनी एकट्यानेच जावे, हा पेच महिनाभर सुटलेला नाही. खरी अडचण शाळेची आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड सक्तीचे केले आहे (आपणही २०२० मध्ये मराठीसाठी तेच केले, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करावी?), पण मराठी माध्यमातील आमच्या मुलीने सहावीत नवी लिपी गिरवायची कशी? सासूबाईंनी मात्र रामकुंडाच्या पाण्याचा तांब्या आताच फडक्यात बांधून ठेवला आहे. कारखान्यांनी बदलीचे आदेश निदान जानेवारीत द्यावेत, ऐन दिवाळीत नव्हे.

एक वाचक, पंचवटी, नाशिक