नानाकाकांची ती स्टिरॉइडची गोळी बाबांना देऊ नका

ती. आई-बाबा,
सा. न.

काल आईचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये उभी होते, धड ऐकूही येत नव्हतं, म्हणून आज लिहूनच पाठवतेय. आई, बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

तू म्हणालीस, बाबांच्या डोळ्याचं दुखणं थांबलं, पडलेली पापणी अर्धी उघडली, पण आता दोन-दोन दिसायला लागलं म्हणजे आजार उलटला. तसं नाहीये गं. पापणी पूर्ण पडलेली होती तेव्हा तो डोळा बघतच नव्हता, मग दोन कुठून दिसणार? आता पापणी वर जातेय आणि बुबुळ अजून नीट वळत नाहीये म्हणून दोन दिसतंय. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर हे सांगत होते पण आपण सगळे बिलाच्या मागे. एका डोळ्यावर पट्टी बांधा, लगेच एकच दिसेल.

आणि बाबा, तुमचा राग मला माहितीये. चार दिवस नुसत्या टेस्टा, शुगरचं औषध आणि दुखण्यावरची साधी गोळी सोडली तर काही दिलं नाही, आणि नानाकाका म्हणतात की त्यांच्या साडूला असंच झालं होतं तर स्टिरॉइडने तीन दिवसांत ठणठणीत. असेलही. पण बशीत चहा ओतताना तुम्ही अर्धा चहा टेबलावर ओतलात ना, त्या दिवशी नक्की काय बिघडलंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

तो पोरगेलासा डॉक्टर टॉर्च मारून आधी डोळ्याची बाहुली बघत होता, आठवतंय? पापणी बोटाने उचलली तर बुबुळ बाहेर आणि खाली गेलेलं, पण बाहुली उजेडात बारीक होत होती. डोळा हलवणारी ती तिसरी नस वायरसारखी समजा. बाहुलीचे धागे तिच्या बाहेरच्या बाजूला असतात. रक्तवाहिनीला फुगा येऊन नस बाहेरून दाबली गेली की बाहुली मोठी होते, आणि तो फुगा फुटला तर जीवावर बेततं. शुगरमुळे नसेच्या आतला रक्तपुरवठा अडतो, तेव्हा बाहुली बहुतेक वेळा वाचते. बहुतेक वेळा, नेहमी नाही, म्हणून डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी केलीच.

जेवताना जबडा दुखतो का, केस विंचरताना डोकं दुखतं का असंही विचारलं, तुम्ही म्हणालात केस कुठायत! नर्ससुद्धा हसली. पण तो प्रश्न कपाळाजवळच्या रक्तवाहिनीच्या सुजेसाठी होता, त्यात नजर कायमची जाऊ शकते. नाकात दुर्बीण घातली ती काळ्या बुरशीसाठी. २०२१ साली कोविडनंतर आपल्याकडे किती जणांचे डोळे काढावे लागले ते आपण बघितलंय, आणि त्यात शुगर आणि स्टिरॉइड ही जोडीच घातक ठरली होती.

नानाकाकांच्या साडूंना बहुतेक टोलोसा-हंट असेल. टोलोसा स्पेनचे आणि हंट अमेरिकेचे डॉक्टर, १९५४ आणि १९६१ मध्ये त्यांनी यावर लिहिलं. मेंदूच्या तळाशी एक चिंचोळी जागा आहे, डोळा हलवणाऱ्या तिन्ही नसा तिथून जातात, तिथे सूज येते आणि स्टिरॉइडने दुखणं दोन-तीन दिवसांत पळतं. गंमत अशी की लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची, गाठ असली तरी स्टिरॉइडने आधी बरं वाटतं, आणि मग खरा आजार महिनोन्‌महिने लपून बसतो. म्हणून बाकी सगळं नाही हे बघितल्यावरच टोलोसा-हंट म्हणायचं असतं. तुमच्या एमआरआयमध्ये ती जागा साफ होती. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) मात्र ९.४ टक्के, म्हणजे खूपच जास्त (लाडू मी मोजले नाहीत, आईने मोजलेत).

तर नस शुगरमुळे बिघडली, म्हणून औषध शुगरचंच. ही नस साधारण तीन महिन्यांत आपली आपण सुधारते, आत्ता कुठे तिसरा आठवडा चाललाय. तोवर स्कूटरची किल्ली आईकडे.

आई, रोज सकाळी खिडकीपाशी दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का बघ. एक मोठी वाटली, एकदम जोरात डोकं दुखलं, उलटी, ताप, नाकातून काळं काही आलं, डोळा बाहेर आल्यासारखा दिसला, तर मला फोन करत बसू नका, सरळ गाडी काढून मोठं हॉस्पिटल गाठा.

काकांची स्ट्रिप परत दे, मीच नको म्हटलं असं सांग. मी शनिवारी रात्री येते, फिल्मची पिशवी माळ्यावर टाकली असशील तर काढून ठेव, सोमवारी दाखवायला लागेल.

तुमची,
छकुली