जिमच्या नोंदींसाठी कोणतं ॲप घ्यावं

कोथरूड, पुणे

प्रिय मंदार,

हेवी, स्ट्राँग की फिटनोट्स, असं तू विचारलंस. आधी एक ठरव: ॲपने तुला व्यायाम शिकवायचाय की फक्त लिहून ठेवायचाय? शिकवायला ट्रेनर आहे. तुला हवी आहे वही. रोज नवा व्यायाम सुचवणारी ॲप्स म्हणून सोडूनच दे. आज इन्क्लाइन, परवा मशिन प्रेस, मग वजन वाढलं की नाही हे ताडून कशाशी बघणार?

वहीची परीक्षा होते दोन सेटमधल्या दीड मिनिटात. हात घामेजलेले, दम लागलेला. तेव्हा मागच्या वेळचा आकडा त्याच ओळीत दिसायला हवा आणि नोंद दोन-तीन टॅपमध्ये संपायला हवी. हे घरीच तपासता येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाक (आपल्याकडची निम्मी जिमं तळघरात, तिथे रेंजची बोंब) आणि खोटी नोंद कर: बेंच प्रेस, ४० किलो १० वेळा, ४५ किलो ८ वेळा, ४५ किलो ७ वेळा. सेशन बंद करून दुसरं उघड. जुने आकडे शोधायला ग्राफच्या पानावर जावं लागलं, तर ते ॲप काढून टाक.

फिटनोट्स अँड्रॉइडवर फुकट, जाहिराती नाहीत, खातं उघडायची गरज नाही. दिसायला अगदीच साधं, पण माझं मत त्यालाच. हेवीचं रूप देखणं, फुकटातही भागतं. फक्त इतरांचे व्यायाम दाखवणाऱ्या फीडमध्ये रमू नकोस. स्ट्राँगमध्ये फुकटात तीनच रूटीन, म्हणजे एकेका दिवसाच्या व्यायामांच्या याद्या, साठवता येतात. पुश-पुल-लेग्जला (ढकलायचा, ओढायचा आणि पायांचा, असे तीन दिवस) तेवढी पुरतात; अप्पर-लोअर ए आणि बी (वरच्या अंगाचे दोन, खालच्या अंगाचे दोन दिवस) करणार असशील तर चौथ्यालाच अडशील.

खरा घोळ ॲपमध्ये नसतो, आकडा काय लिहायचा यात असतो. आपल्याकडे 'दहा-दहा लाव' म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोच्या प्लेट. ॲपला मात्र रॉडसकट एकूण वजन हवं असतं. ऑलिंपिक रॉड २० किलोचा, म्हणजे दहा-दहाचे ४० झाले. जिममधले आखूड रॉड मात्र हलके असतात आणि त्यांच्यावर वजन लिहिलेलं नसतं. वजनकाट्यावर रॉड घेऊन उभा राहा, आपलं वजन वजा कर, आणि तोच आकडा ॲपच्या प्लेट कॅल्क्युलेटरमध्ये (कोणत्या प्लेट लावायच्या ते सांगणाऱ्या सोयीत) भर. डंबेलचं वजन एका हाताचं लिही, पण कायम तसंच लिही. एक दिवस १५ आणि पुढच्या वेळी ३० लिहिलंस की ग्राफ उडी मारतो. मशिनच्या पट्ट्यांवर पौंड असतील तर किलो करत बसू नकोस, पट्टीवरचाच आकडा टिपून ठेव. कप्प्या प्रत्येक मशिनच्या वेगळ्या, तेव्हा तुलना त्याच मशिनशी. वॉर्मअपचे सेट वॉर्मअप म्हणूनच खुणाव, नाहीतर एकूण व्हॉल्यूम (वजन गुणिले किती वेळा उचललं, याची बेरीज) फुगतो. आणि व्यायामाचं नाव एकच ठेव. 'बेंच प्रेस' आणि 'बार्बेल बेंच प्रेस' अशी दोन खाती झाली की इतिहास दुभंगतो.

'वन रेप मॅक्स'चा, म्हणजे एकदाच उचलता येईल अशा सर्वात जास्त वजनाचा, आकडा बघून हुरळू नकोस आणि घाबरूही नकोस. तो उचललेला नसतो, सूत्राने मांडलेला असतो. ६० किलो ८ वेळा उचललेस तर एप्ली सूत्राने ७६ येतात, ब्रझिकीने साडेचौऱ्याहत्तर. ॲप बदललं की एका रात्रीत ताकद दीड किलोने घटल्यासारखी वाटेल, ती अशी. रेप्स (एका सेटमध्ये किती वेळा उचललं) दहाच्या वर गेल्या की हा अंदाज आणखी सैल होतो.

दोन सेटमधल्या विश्रांतीचा टायमर स्क्वॉटला अडीच-तीन मिनिटं, बायसेप्सला एक ते दीड. स्क्रीन बंद झाली की तो वाजतच नाही, ही तक्रार अँड्रॉइडवर नेहमीची. बहुतेक वेळा दोष फोनच्या बॅटरी सेव्हरचा असतो. सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढ.

प्रत्येक नोंदीखाली टिपेची जागा असते, ती वापर. रविवारी सिंहगड चढून आलास तर सोमवारच्या स्क्वॉटखाली 'काल सिंहगड' एवढं लिही. नाहीतर महिन्याने पडलेला आकडा बघून उगाच प्रोग्रॅम बदलशील.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अभय

ता. क. पैसे भरायच्या आधी डेटा सीएसव्हीमध्ये (रकान्यांच्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढून शीटमध्ये उघडून बघ. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स असे रकाने नीट आले, तर उद्या ॲप बंद पडलं तरी नोंदी तुझ्याकडे. आणि फुकट ट्रायल घेतलीस तर लक्षात ठेव, फोनमधून ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं, तेही ट्रायल संपायच्या आत.